आधी ओळख, मग पेटी

अकोल्याहून वाशिमकडे येताना पातूरचा घाट मागे पडतो, जंगल जरा बाजूला सरतं आणि मेडशी लागते. जानेवारी उलटत आला असेल, तर आसपासच्या काही वावरांत कमरेएवढ्या हिरव्या पोकळ दांड्यांवर पांढरे गोंडे उभे दिसतात. नवख्याला वाटतं, कुणी फुलशेती केली आहे. तो असतो बिजवाईचा कांदा. मालेगाव तालुक्यात कांद्याचं बी पिकवणारी घरं बरीच आहेत आणि फेब्रुवारीत आभाळ आलं की सगळ्यांत आधी त्यांच्या पोटात गोळा येतो. गारपीट डोळ्यांना दिसते, तिची बातमी होते, पंचनामा होतो. गोंडा उमललेला असताना वावरात मधमाशी फिरकलीच नाही, तर मात्र पंचनामा होत नाही. बी कमी भरतं आणि आपण हवामानाला बोल लावतो.

अशा गावात वाढणाऱ्या मुलाला मधमाशीविषयी आपण काय सांगतो? "तिकडं जाऊ नको, डसते." शाळेच्या पुस्तकात ते वाचतं, मधमाशी मध देते. दोन्ही खरं आहे. पण आपल्या घरात येणारा पैसा आणि ही माशी यांचा काही संबंध आहे, हे त्याला दोन्हीकडून कळत नाही.

आई-बाबांना मुलाला याहून जास्त सांगावंसं वाटतं, पण स्वतःलाच नीट माहीत नसतं. माझ्या मते ही अडचण नाहीच, उलट सोय आहे. ठाऊक असलेली गोष्ट आपण मुलाला सांगून मोकळे होतो. ठाऊक नसलेली गोष्ट त्याच्या शेजारी बसून बघावी लागते. मधमाशी ही बसून बघायचीच गोष्ट आहे. फक्त एक विनंती आधीच करतो. सुरुवात पेटी विकत आणून करू नका. तसं का, ते पुढे येईलच.

भीतीपासून सुरुवात

मुलाची भीती खोटी नसते, म्हणून ती हसण्यावारी नेऊ नये. आपल्याकडे 'मव्हाळ' म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते आग्या मोहोळ. वडाच्या, पिंपळाच्या उंच फांदीला, पाण्याच्या टाकीला किंवा पुलाखाली लटकलेलं, एकच एक मोठं, उघडं पोळं. आग्या माशी आपल्या मधमाश्यांत सर्वांत मोठी आणि सर्वांत तापट. शिवनेरीसारख्या किल्ल्यावर, अजिंठ्याच्या लेण्यांत माणसांवर हल्ला केल्याच्या बातम्या येतात, त्या हिच्याच. कुणी दगड मारतं, कुणी धूर करतं, कधी फटाके वाजतात, कधी ससाणा पोळ्यावर झडप घालतो, आणि खालच्या माणसांना भोगावं लागतं.

म्हणून घरातला पहिला नियम असा असावा: आग्या मोहोळ दिसलं की निदान शंभर पावलांवरून बघायचं, खाली उभं राहायचं नाही, गलोल खिशात ठेवायची. लांबून बघण्यातही गंमत आहे. पोळ्याच्या पृष्ठभागावर हजारो माश्या एकमेकींना चिकटून बसलेल्या असतात आणि मधूनच त्यांच्यावरून एक लाट सळसळत जाते. गांधीलमाशी आसपास घिरट्या घालत असली तर हमखास. माश्या एकापाठोपाठ एक शेपटाकडचा भाग उचलतात, त्यामुळे ती लाट दिसते आणि गांधीलमाशी बिचकते. मोबाइलचा कॅमेरा मोठा करून घराच्या गच्चीवरून हे दिसू शकतं.

माश्या अंगावर आल्याच तर काय करायचं, हे मुलाला एकदा अंगणात करून दाखवा. नुसतं सांगू नका. दुपट्ट्यानं तोंड-डोकं झाकायचं, हात झटकायचे नाहीत, थेट पळत जाऊन खोलीत किंवा गाडीत शिरायचं आणि दार लावायचं. विहिरीत, ओढ्यात उडी मारायची नाही. माश्या वर घिरट्या घालत थांबतात आणि पाण्यात जीव जातो तो वेगळ्याच कारणानं. एका माशीनं डंख केला की त्या जागेवर एक वास सुटतो, साधारण पिकलेल्या केळासारखा. बाकीच्या माश्यांना ती हाळीच असते. म्हणून डसलेली माशी तिथंच चिरडायची नाही, आणि पेट्यांजवळ जाताना केळी खायची नाहीत.

डसली तर काटा नखानं खरवडून लगेच काढा. त्याच्यासोबत विषाची पिशवीही रुतलेली असते आणि ती मिनिटभर विष सोडत राहते. कसा काढला यापेक्षा किती लवकर काढला याला महत्त्व आहे. मग साबणानं धुवा, बर्फ किंवा थंड पाण्याची पट्टी ठेवा. चुना, हळद, रॉकेल यांच्या नादी लागू नका. डसलेल्या जागी सूज आणि आग होणारच. पण मुलाला धाप लागली, ओठ-जीभ सुजली, अंगभर गांध्या उठल्या, उलटी झाली किंवा भोवळ आली, तर घरी थांबायचं नाही. १०८ ला फोन करा आणि जवळच्या दवाखान्याकडे निघा. अशा वेळी मिनिटं मोजावी लागतात. दहाहून जास्त डंख असतील तर त्रास दिसत नसला तरी डॉक्टरांना दाखवा.

एवढं झालं की भीती जागच्या जागी बसते. आता बाकीच्या माश्यांकडे बघायला मोकळीक मिळते, आणि त्या फार वेगळ्या आहेत.

कोण कोण येतं

आपल्या भागात मधमाशी म्हणजे एक माशी नव्हे. आग्याबद्दल बोलून झालं. लिंबाच्या, बोरीच्या झुडपात बारीक काटकीभोवती तळहाताएवढं एकच पोळं बांधते ती फुलोरी. आकारानं एवढीशी, स्वभावानं भित्री. तिचं पोळं हाताच्या अंतरावर असूनही कित्येक महिने घरातल्या कुणाच्या लक्षात येत नाही. झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत अंधारात समांतर पोळी बांधते ती सातेरी. पेटीत पाळायची देशी माशी हीच. इटालियन म्हणून ओळखली जाणारी मेलीफेरा बाहेरून आणलेली, ती पेट्यांमधूनच येते. आणि जुन्या मातीच्या भिंतीच्या फटीतून मेणा-डिंकाची एक छोटी नळी बाहेर आलेली दिसली, तिच्या तोंडाशी मुंगीएवढ्या काळ्या माश्या ये-जा करताना दिसल्या, तर ती कोती. तिला डंखच नाही. चार वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा दाखवायची असेल तर हिच्या दारात बसवा. भिंत लिंपताना ती नळी बुजवू नका.

याखेरीज एकेकट्या राहणाऱ्या माश्या आहेत. त्या मध साठवत नाहीत, म्हणून त्यांना कुणी विचारत नाही. माझा जीव त्यांच्यावर जास्त आहे. गुलाबाच्या पानाची कड कुणी कंपासनं कापावी तशी अर्धगोल कापलेली दिसते ना? आपण अळी समजून फवारणीचा पंप काढतो. ते काम पानकापी माशीचं. ती पानाचा तुकडा खात नाही, त्याची सुरळी करून पिलांसाठी खोली बांधते. तुरीच्या फुलावर येणाऱ्यांत ही महत्त्वाची. तुरीचं फूल मिटलेल्या ओठांसारखं असतं, ते उघडायला वजन आणि ताकद लागते. ती हिच्याकडे आहे आणि काळ्या भुंग्याकडे आहे. दिवाळीनंतर सोयाबीन निघालेलं, मधल्या ओळींतली तूर पिवळी झालेली, अशा वावरात सकाळी दहा वाजता मुलासोबत उभं राहा. भुंगा बसला की फूल कसं खाली दबतं, ते बघा.

वांग्याच्या आणि टमाट्याच्या फुलाची आणखी एक गंमत आहे. त्यांचे पराग बारीक छिद्रांतून बाहेर पडतात, मिठाच्या डबीसारखे. डबी हलवावी लागते. निळ्या पट्ट्यांची एक गुबगुबीत माशी फुलाला लटकते आणि पंख न हलवता अंगाचे स्नायू थरथरवते. त्या थरथरीनं पराग झडतात. आवाज ऐकू येतो, एकदम चढा, अडखळत. पेटीतल्या मधमाशीला ही विद्या येत नाही. वांग्याच्या वाफ्याशी डोळे मिटून बसायचं आणि तो आवाज ओळखायचा, हा खेळ मुलांना फार आवडतो. मोठ्यांना पहिले चार दिवस तो ऐकूच येत नाही.

सुरुवातीला मुलं प्रत्येक पिवळ्या-काळ्या किड्याला मधमाशी म्हणतील. म्हणू द्या. मग पंख मोजायला सांगा. साध्या माशीला दोन पंख, मधमाशीला चार. वीटकरी रंगाची, कंबर दोऱ्याएवढी बारीक, भिंतीवर मातीची घरटी करणारी कुंभारीण मधमाशी नव्हे, ती गांधीलमाशीच्या नात्यातली. मागच्या पायांवर परागाचा गोळा लावून उडते ती मधमाशी. तो गोळा कधी पिवळा, कधी केशरी, कधी पांढुरका असतो. आज कोणत्या रंगाचा होता, एवढंच वहीत लिहिलं तरी पुरे.

तुळशीपाशी दहा मिनिटं

शेत नाही, गावठाणात राहतो, अशांना वाटेल की हे आपलं काम नाही. पण तुळस बहुतेक दारात असते. तुळशीला मंजिऱ्या आल्या की फुलोरी आणि कोती तिच्यावर येतात. आपल्याकडे झाड वाढावं म्हणून मंजिऱ्या खुडायची पद्धत आहे. दोन-तीन ठेवा. मुलाला पाटावर बसवा, तुम्ही शेजारी बसा. दहा मिनिटांत कितीजणी आल्या, लहान की मोठ्या, एकीनं किती मंजिऱ्या हुंगल्या, ते मोजायचं. रोज जमणार नाही. आठवड्यातून एकदा, ठरल्या वारी, ठरल्या वेळी, एवढं वर्षभर टिकलं तर मोठं काम झालं.

वहीत चार रकाने पुरतात: तारीख, वेळ, झाड, किती आल्या. पाचवा रकाना मुलाच्या प्रश्नांसाठी ठेवा आणि उत्तर माहीत नसलं तर तो कोरा सोडा. चुकीचं उत्तर ठोकून देण्यापेक्षा कोरा रकाना चांगला. "राणी हुकूम देते का?" हा प्रश्न येतोच. देत नाही. राणी अंडी घालते. तिच्या अंगच्या वासावरून बाकीच्यांना कळतं, की ती घरात आहे. कामकरी माश्या सगळ्या माद्या. त्या वयानुसार कामं बदलतात: आधी घरातली साफसफाई, मग अळ्यांना भरवणं, मग मेण घडवून खोल्या बांधणं, मग दारावर पहारा, आणि शेवटी फुलांवर. म्हणजे फुलावर दिसणारी माशी घरातली वयस्कर बाई असते. हंगामात तिचं सगळं आयुष्य पाच-सहा आठवड्यांचं. तेवढ्यात ती सुमारे चहाच्या चमच्याच्या बाराव्या हिश्शाइतका मध जमवते. हे कळल्यावर पोळीला लावलेला मध मुलं ताटात टाकत नाहीत. माझ्या घरी तरी असंच झालं.

वर्षभराची वही भरली की गावाचं फुलांचं पंचांग आपोआप तयार होतं. माघ-फाल्गुनात बिजवाई कांदा, करडई, आंब्याचा मोहर, काटेसावर आणि पळस. मग मोह. चैत्र-वैशाखात कडुनिंब, करंज, जांभूळ. पावसाळ्यात वावरांत सोयाबीनच सोयाबीन, पण त्याचं फूल एवढंसं आणि बहुतेक स्वतःच्याच परागावर शेंग धरणारं. त्यामुळे चहूकडे हिरवंगार असताना माशीच्या घरी मात्र उपास असतो. मका आणि ज्वारी पराग देतात, मध देत नाहीत. हा उपासाचा काळ मुलाला वहीतूनच सापडू द्या. तो सापडला की पुढचा प्रश्न तोच विचारेल: धुऱ्यावर आपण काय लावू शकतो? तिळाची एक ओळ, शेवगा, बोर, करंज, कढीपत्ता. धुरा साफ करण्यासाठी तणनाशक मारायची जी सवय लागली आहे, तिच्यामुळे उपास लांबतो.

दोन प्रयोग

पहिला पावसाळ्यातला. परसात लाल भोपळ्याचा, म्हणजे आपल्या कोहळ्याचा वेल असेलच. नर फूल आणि मादी फूल वेगळं. मादी फुलाच्या मागे चेंडूएवढं छोटं फळ आधीपासून असतं. संध्याकाळी, उद्या उमलेल अशा दोन मादी कळ्या शोधा. एकीवर जुन्या ओढणीचा तुकडा सैल बांधा, दुसरी उघडी ठेवा. कोहळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि दुपारच्या आत मिटतं, म्हणून माशीच्या हाती जेमतेम चार-पाच तास असतात. फुलं मिटल्यावर कापड सोडा आणि आठवडाभर दोन्ही फळांकडे बघा. झाकलेलं पिवळं पडून गळतं. उघडं वाढलं तर उत्तम. तेही गळलं, तर त्या दिवशी माशी आली नव्हती. मग मुलाला सांगा, नर फूल तोडून मादी फुलात स्वतः घास. माशीचं काम एकदा आपल्या हातानं केलं की तिचं मोल कळतं. दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं, दुधी भोपळ्याचंही. तिथं रात्रीचे पतंग कामाला असतात. दोडक्याच्या वेलावर सकाळी माश्या का नाहीत, असं मुलानं विचारलं तर त्याला संध्याकाळी बाहेर काढायला विसरू नका.

दुसरा प्रयोग बिजवाईच्या कांद्याचा, आणि माझ्या मते मेडशीसारख्या गावातल्या मुलांनी तो केलाच पाहिजे. एका गोंड्यात शेकडो बारीक फुलं असतात. प्रत्येक फुलात पराग आधी झडतात आणि बी धरणारा भाग नंतर तयार होतो, दोन-तीन दिवसांनी. म्हणजे फुलाचे पराग त्याच फुलाच्या कामाला येत नाहीत. दुसऱ्या फुलाचे कुणीतरी आणून द्यावे लागतात. पापुद्रा फाटायच्या बेतात असलेले शेजारशेजारचे दोन गोंडे निवडा. एकाला मच्छरदाणीच्या कापडाची सैल पिशवी घाला, तळाशी बांधा. हिच्यातून वारा जातो, माशी जात नाही. दुसऱ्याला फक्त रंगीत धागा बांधा. मधल्या दिवसांत धाग्याच्या गोंड्यावर दहा मिनिटांत किती माश्या येतात, ते तीन-चार वेळा मोजा.

बोंडं फुटून काळं बी दिसू लागलं की दोन्ही गोंडे कापा आणि जेवणाच्या ताटात घेऊन बसा. एका बोंडाला तीन कप्पे, एका कप्प्यात जास्तीत जास्त दोन बिया. म्हणजे पूर्ण भरलेल्या बोंडात सहा. दोन्ही गोंड्यांची वीस-वीस बोंडं फोडा, बिया मोजा, सरासरी काढा. पिशवीतल्या गोंड्यात बी कमी भरतं. अगदी शून्यच येईल असं नाही, कारण वाऱ्यानं हलून, एखाद्या मुंगीच्या पायाला लागून थोडेफार पराग इकडचे तिकडे होतात. पण फरक ताटात दिसतो. मग उघड्या गोंड्याकडे वळा. तिथंही सहाच्या ऐवजी तीन किंवा चार निघाल्या, तर मुलाला गणित मांडू द्या: एका बोंडात दोन बिया हुकल्या, तर गोंड्यात किती, सरीत किती, एकरात किती? पाचवीतलं मूल हे मांडतं. बापाच्या चेहऱ्याकडे बघत मांडतं. (बी कंपनीच्या करारावरचा प्लॉट असेल, तर गोंडा झाकण्याआधी त्यांच्या माणसाला सांगून ठेवा.)

याच ठिकाणी अडचणीचा प्रश्न येतो. फुलकिडे दिसतात, आपण फवारतो, आणि दुसऱ्या दिवशी सरीत मेलेल्या माश्या पडलेल्या मुलाला दिसतात. तो विचारतो, "बाबा, या कशानं मेल्या?" इथं खोटं बोलू नका. फुलकिड्यांचा बंदोबस्त गोंडे उमलण्याआधी करायचा असतो. उमलल्यावर फवारणी टाळता येत नसेल, तर माश्या घरी परतल्यावर, सूर्य मावळताना करावी, आणि कोणतं औषध माशीला कमी घातक आहे ते विचारूनच घ्यावं. रिसोड तालुक्यात करड्याला कृषी विज्ञान केंद्र आहे, अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. दोन्हीकडे विचारता येतं, आणि विचारायला जाताना मुलाला न्यावं. शेजाऱ्याच्या वावरातही तेच औषध पडतं, म्हणून त्यालाही सांगावं लागतं, आणि ते सगळ्यांत अवघड.

अंगणातला नाच

एक खेळ सांगतो. ऑस्ट्रियाचे कार्ल फॉन फ्रिश यांनी मधमाशीच्या नाचाचा अर्थ लावला, त्यासाठी १९७३ साली त्यांना इतर दोघांसोबत नोबेल पारितोषिक मिळालं. फूल सापडलेली माशी पोळ्यावर येऊन शेपूट हलवत सरळ रेषेत चालते, वळून परत येते, पुन्हा चालते. सातेरी पोळ्यावर उभी नाचते. तिची रेष सरळ वर असेल तर फुलं सूर्याच्या दिशेला. रेष उजवीकडे जेवढी कलली, तेवढी फुलं सूर्याच्या उजवीकडे. शेपूट जितका वेळ हलवली, तितकं अंतर लांब. फुलोरी आपल्या पोळ्याच्या सपाट माथ्यावर नाचते, म्हणून ती थेट फुलांच्या दिशेलाच चालते.

अंगणात एकानं गुळाचा खडा लपवायचा. त्यानं बोलायचं नाही, बोट दाखवायचं नाही. भिंतीवर खडूनं सरळ उभी रेष काढायची, ती म्हणजे सूर्य. तिच्याशी कोन करून दुसरी रेष ओढायची आणि जितकी पावलं, तितक्या वेळा कंबर हलवायची. बाकीच्यांनी सूर्य बघून खडा शोधायचा. आजीला खेळात घ्या. हसून पुरेवाट होते, पण दोन डावांत कोन समजतो. शाळेत कोनमापकानं जे डोक्यात शिरत नाही, ते इथं शिरतं.

आजोबांना विचारा

गावात अजूनही अशी वयस्क माणसं आहेत, ज्यांनी तरुणपणी मव्हाळ झाडलं. मुलाला वही घेऊन त्यांच्याकडे धाडा. कोणत्या झाडाला मोहोळ लागायचं, एका झाडाला किती, कोणत्या महिन्यात येऊन कोणत्या महिन्यात उठून जायचं? आग्या माश्या हंगामानुसार मुक्काम हलवतात, हे पुस्तकाआधी त्यांना ठाऊक असतं. पलिता पेटवून माश्या जाळायच्या आणि पोळं पिळायचं, ही जुनी रीतही ते सांगतील. ती ऐकावी, पण त्यात अळ्यांसकट सगळं कुटुंब मरतं, हेही मुलाला सांगावं. वर्ध्याच्या सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस या संस्थेनं आग्या मोहोळाचा फक्त मधाचा भाग कापून अळ्यांचा भाग तसाच ठेवायची पद्धत मध काढणाऱ्यांना शिकवली. ते प्रशिक्षित माणसाचं, अंगभर पोशाख घालून करायचं काम आहे. मुलांना तिथं नेऊ नका. मेडशीच्या जंगलात मोहोळ बघायला जायचं असेल तर वनरक्षकांना सांगून, त्यांच्यासोबत जा.

मधाविषयी थोडक्यात. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये, बारशाला नाही आणि घुटीतही नाही. मधातल्या एका जिवाणूचे बीजाणू बाळाच्या आतड्यात वाढून लकवा आणू शकतात. थंडीत मध गोठला म्हणून तो साखरेचा ठरत नाही. पाण्यात थेंब टाकून, वात पेटवून, कुत्र्याला हुंगवून शुद्धता कळत नाही.

आणि पेटी

वर्षभर वही भरली, मुलाचा आणि तुमचाही उत्साह टिकला, तर पेटीचा विचार करा. आधी का नको, ते आता कळेल. पावसाळ्यातल्या उपासात माश्यांना साखरेचा पाक द्यावा लागतो. पोळ्याला मेणकिडा लागतो, पेटीच्या पायांवरून मुंग्या चढतात. फुलं कधी आणि कुठं आहेत, हे माहीत नसलेल्या माणसाच्या पेटीतून सातेरी सरळ निघून जाते, आणि उरतं लाकडी खोकं. मुलाला ते अपयश वाटतं, तुम्हाला पैसे बुडाल्याचं दुःख होतं. घरात कुणाला डंखाची तीव्र ॲलर्जी असेल तर पेटी आणूच नये.

शिकायचं कुठं? राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय महाबळेश्वरला आहे. मंडळाच्या मध केंद्र योजनेत निम्मं अनुदान आणि निम्मी स्वतःची गुंतवणूक असते, प्रशिक्षण घेणं बंधनकारक असतं. वाशिमच्या मंडळाच्या जिल्हा कार्यालयात चौकशी करा. पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे. सहल काढायचीच असेल तर महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर बघा. मे २०२२ मध्ये ते देशातलं पहिलं 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झालं. पण मांघरचं सगळं इथं जसंच्या तसं होईल असं समजू नका. तिथं सह्याद्रीचा पाऊस आणि दाट जंगल आहे, इथं तूर, कांदा आणि पळस.

२० मे हा जागतिक मधमाशी दिवस. संयुक्त राष्ट्रांनी तो २०१७ साली ठरवला, स्लोव्हेनियातल्या एका जुन्या मधपाळाच्या, आंतोन यान्शाच्या, स्मरणार्थ. युरोपात तेव्हा फुलांचा बहर असतो. आपल्याकडे तेव्हा अंगाची लाही होत असते. शाळेला सुट्टी असल्यानं भाषणं होत नाहीत, ते बरंच आहे. त्या दिवशी सावलीत एक परळ ठेवा. त्यात खडे घाला, खड्यांची डोकी वर राहतील इतकंच पाणी ओता, म्हणजे माशी बुडत नाही. उन्हाळ्यात माश्या पाण्यासाठीही बाहेर पडतात. पोळ्यावर पाणी शिंपडून पंखांनी वारा घालतात, घर थंड ठेवतात. रोज संध्याकाळी परळ धुऊन नवं पाणी भरायचं काम मुलाकडे द्या, नाही तर डास होतील.

आणि येत्या जानेवारीत गोंडे उमलले की वही, रंगीत धागा आणि मच्छरदाणीचा तुकडा घेऊन एका रविवारी वावरात जा. पहाटे उठायची गरज नाही. दव सुकल्याशिवाय माश्या येत नाहीत. न्याहारी करून निघा, नऊला पोचलात तरी चालेल.